पोषण आहाराची नोंदवही: ताटाशेजारी नको असलेला रकाना

जूनमध्ये चोपड्याच्या बाजारातल्या एका स्टेशनरी दुकानातून ही वही घेतली. १८० रुपये, पुठ्ठा बांधणी, लांब आकार. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते आठवी मिळून ७७ मुलं, आणि पोषण आहाराचं सगळं लिखाण माझ्याकडे. दिवाळीपर्यंत रोज हाताळली, म्हणून आता लिहितेय.

आधी जुन्या वहीचं सांगते. ती दुसऱ्या दुकानाची होती आणि तिच्यात मुलाच्या नावाला लागूनच ‘दा. रे.’, म्हणजे घर दारिद्र्यरेषेखाली आहे का, असा रकाना छापलेला. छापलाय म्हणजे भरायचा असतो, असं धरून मी त्या वर्षीच्या जूनमध्येच सगळ्यांपुढे हो-नाही लिहून मोकळी झाले. जेवायच्या आधी वही धरायला चौथीची एक मुलगी उभी राहायची. एके दिवशी तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, माझ्यापुढे हो आहे आणि हिच्यापुढे नाही. मला भात जास्त मिळणार का?” शेजारची मुलगीही वाकून बघायला लागली. मला काही सुचेना. त्या दुपारी मी प्रत्येक पानावर त्या रकान्यावरून कागदाची पट्टी चिकटवली.

कारण या जेवणाला गरिबीची अट नाहीच. १९९५ साली योजना आली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, २०२१ पासून तिचं नाव प्रधानमंत्री पोषण झालं. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीत बसलेलं प्रत्येक मूल जेवतं, घरचं कार्ड पिवळं असो की केशरी. तिथे फक्त हजेरी मोजायची.

नव्या वहीत नेमकं हेच केलंय. रोजच्या पानावर वर्गवार उपस्थिती, जेवलेली मुलं, तांदूळ आणि चव घेणाऱ्याची सही, एवढंच. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम हे डोक्यावरच छापलंय. ४६ लहान आणि ३१ मोठी सगळी आली की ४.६० आणि ४.६५, मिळून ९.२५ किलो; स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मी सकाळीच आकडा सांगते. पोतं आल्यावर ‘प्रत्यक्ष वजन’ लिहायला वेगळा रकाना आहे, तो मला सर्वांत आवडला. अखेरची शिल्लक पुढच्या पानावर नेण्याची जागाही ठळक आहे.

घरच्या परिस्थितीची माहिती वहीच्या शेवटी, वेगळ्या पानांवर. ती लागतेच. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलामागे दारिद्र्यरेषेखालील आहे का, अंत्योदय कार्ड आहे का, दुर्बल किंवा वंचित घटकातलं आहे का, हे भरावं लागतं. शाळेत आल्याबद्दल मुलींना मिळणाऱ्या उपस्थिती भत्त्याच्या यादीलाही दारिद्र्यरेषेची नोंद लागते. दिवसाला एक रुपया, पण तो त्या मुलीचा हक्काचा आहे. म्हणून ही माहिती बिनचूक हवी, आणि कपाटात हवी.

बिनचूक ठेवणं मात्र अवघड. दारिद्र्यरेषेखालच्या पिवळ्या कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १५,००० रुपये, आजच्या मजुरीत कोणाचं घर इतक्यात बसणार? कार्ड जुनं, माणसं वेगळी झालेली. ऑगस्टमध्ये एक आई आली, नवरा सुरतेला कामाला. म्हणाली, “मॅडम, आमनं कार्ड सासराना नाववर शे.” सासऱ्यांचं कार्ड केशरी, आणि हिच्याकडे तेल संपलं की दोन दिवस बिनफोडणीची भाजी. नियमानं मी ‘नाही’ लिहिलं. नवीन कार्डासाठी तहसीलला काय-काय कागद लागतात, ते मात्र चिठ्ठीवर लिहून दिलं.

इथेच वही कमी पडते. कार्डाचा रंग, दारिद्र्यरेषेचा क्रमांक, अंत्योदय, हे रकाने आहेत. पण कागद कोणत्या तारखेला पाहिला, ते लिहायला जागा नाही. कार्ड विभक्त झालं, रंग बदलला, तर जुनं ‘नाही’ पुढच्या वर्षी तसंच उतरवलं जातं. दुर्बल-वंचित घटकाचा रकानाही नाही. मी पट्टीनं दोन्ही आखून घेतलेत, अक्षर बारीक करावं लागतं. कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उमटते. साधं बॉलपेन वापरा. महिन्याच्या बेरजेचा चौकोन तर फारच अरुंद.

दुकानदार दादांना आखलेलं पान दाखवलं. पुढच्या छपाईत तारखेचा रकाना घालतो म्हणाले आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला. ७७ मुलांना शेवटची पानं पुरली. शंभराच्या वर पट असेल तर दोन वह्या घ्या, सुटे कागद जोडू नका. तपासणीच्या दिवशी तेच आधी हरवतात.