द हाइव्हजची एलपी: अर्धा तास आणि पूर्ण पैसे (वापरानंतरचा अनुभव)

द हाइव्हजच्या 'द डेथ ऑफ रँडी फिट्झसिमन्स' या अल्बमची एलपी (म्हणजे मोठी विनाइल रेकॉर्ड) घेऊन बरेच महिने झाले, पण लिहायला बसलो ते आज, कारण पहिली कॉपी वाकडी आलेली ती दुकानदाराशी भांडून भांडून आत्ता कुठे बदलून मिळालीये. रेकॉर्ड फिरताना सुई वर-खाली होतीये हे व्हिडिओत चक्क दिसत होतं तरी समोरून उत्तर काय, तर तुमचा टर्नटेबल तपासा. असो.

स्वीडनचा रॉक बँड, याहून जास्त ओळख करून देत बसत नाही. माझी तक्रार एकच, मिनिटं. 2012 च्या 'लेक्स हाइव्हज' अल्बमनंतर 11 वर्षं थांबवलं आणि 2023 ला दिलं काय, तर 12 गाणी, सगळी मिळून जेमतेम अर्धा तास! भाजी फोडणीला टाकून जरा टेकलो की उठा, बाजू पलटा. 'ट्रॅपडोअर सोल्युशन' तर मिनिटभरात खल्लास. एवढ्या पैशात डबल एलपी येते राव! मिनिटाला किती रुपये पडले तो हिशेबही केलाय, आकडा इथे टाकत नाही, घरातले वाचतात.

पण मध्यंतरी 2000 चा त्यांचाच 'वेनी विडी व्हिशस' परत लावला, तोही अर्ध्या तासाच्या आतच संपतो आणि तेव्हा कधी खटकलं नव्हतं. मग 'नगेट्स' ऐकलं, लेनी केने 1972 ला जमवलेली साठच्या दशकातल्या गॅरेज बँडची (साधं, रांगडं रॉक वाजवणाऱ्या पोरांची) गाणी, त्यातली बरीचशी दोन-तीन मिनिटांत आटोपतात कारण ती मुळात सिंगल (एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड) म्हणून निघालेली, रेडिओवर वाजायला. स्वीडनमधल्या फागेर्स्टा गावची ही हाइव्हज मंडळी तेच करतायत, लांबलचक सोलो नाही, पाल्हाळ नाही. 'बोगस ऑपरँडी' ऐका, आधी गिटार दमाने घेते आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. खरं सांगायचं तर घरातल्या रेकॉर्डमध्ये सध्या सगळ्यात जास्त हीच वाजते, अर्धा तास कधीही काढता येतो ना.

अल्बमच्या नावातल्या रँडीची, बँडने रचलेली भानगड मात्र अजूनही आगाऊपणाच वाटते. म्हणे कोणाला न दिसणारा सहावा मेंबर, तोच सगळी गाणी लिहितो, तो गेला म्हणून थडगं उकरलं तर आत बॉडी नाहीच, टेप आणि सूट! ठीके, पण त्या टेपवर अजून दोन गाणी असती तर काय बिघडलं असतं?

त्यांचा 2025 चा अल्बम मोबाईलवर ऐकतोय, आवडलाय. एलपी सेलमध्ये आली तरच घेणार, आणि तीही दुसऱ्या दुकानातून.