पायाखाली मिडी, लूप स्विचर की साधा फुटस्विच?

श्रावण लागला की सोलापुरात ऑर्केस्ट्रावाल्यांचे फोन सुरू होतात. तारखा ठरतात, गाण्यांची यादी येते, आणि एखादा गिटारवाला विचारतोच, "दादा, यंदा मिडी घेऊ का ओ?" (मिडी म्हणजे एका बटणानं बऱ्याच यंत्रांना हुकूम धाडायची पद्धत.) परवा जुळे सोलापुरातल्या एका पोरानं विचारलं. दोन चॅनलचा अ‍ॅम्प (एक साफ आवाजाचा, एक फाटक्या), आणि पायानं चालू-बंद करायची, आवाज बदलणारी चार पेडलं. मी उलटं विचारलं, एका ठोक्याला तुझ्या किती गोष्टी बदलतात? त्याला मोजायला दोन दिवस लागले. तुम्हीही आधी तेच मोजा, दुकानात मग जा.

एक किंवा दोन गोष्टी बदलत असतील तर अ‍ॅम्पसोबत आलेला फुटस्विच आणि ओळीनं मांडलेली पेडलं पुरेत. बिघाड झाला तर कुठं झाला ते वाकून बघितलं की कळतं, आणि प्रोग्रॅमिंगची कटकट नाही. अडचण येते ती अंतरा संपून सोलो सुरू होताना. क्लीनवरून डिस्टॉर्शन (साफ आवाजावरून फाटका), कोरस (आवाज जाड करणारं पेडल) बंद, डिले (प्रतिध्वनी देणारं) चालू. एका मात्रेत तीन ठिकाणी पाय, म्हणजे फुगडीच. मग पहिले दोन सूर चुकीच्या आवाजात जातात आणि गायक मागं वळून बघतो.

दुसरी वाट लूप स्विचरची. प्रत्येक पेडल आपापल्या लूपमध्ये, म्हणजे स्विचरच्या वेगळ्या जा-ये जोडणीत, लावायचं. एक बटण दाबलं की ठरवलेली पेडलं आत, बाकीची बाहेर. बॉस कंपनीच्या ईएस-५ स्विचरमध्ये असे ५ लूप, ईएस-८ मध्ये ८. अ‍ॅम्पचं चॅनल बदलायची सोय आणि मिडीही त्यांच्यात आहे. जुनी साधी अ‍ॅनालॉग पेडलं असणाऱ्याला हेच सोयीचं, कारण नुसता मिडी कंट्रोलर (हुकूम धाडणारी बटणांची पाटी) घेतला तरी साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलला मिडी कळत नाही. हे न समजता पैसे घातलेले दोघेतिघे मला माहीत आहेत.

आता मिडी. १९८३ पासूनची ही पद्धत. त्या वायरीतून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात: "१७ नंबरचा पॅच (साठवलेला आवाज) लाव", "डिले बंद कर". एका वायरीवर १६ चॅनल, प्रत्येकावर १२८ प्रोग्रॅम नंबर. सेकंदाला ३१,२५० बिट्सचा वेग आजच्या हिशोबानं मुंगीचा, पण पॅच बदलायचा एक हुकूम एका मिलिसेकंदाच्या आतच पोचतो. म्हणजे बटणावरून पाय उचलायच्या आत पाच हुकूम सुटलेले असतात. डिले, रिव्हर्ब किंवा मल्टिइफेक्टमध्ये पॅच साठवून ठेवणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. वायर पंधरा मीटरपर्यंत चालते, त्यामुळं हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर अ‍ॅम्प मागं ठेवून कंट्रोलर पुढं ठेवायला काही अडत नाही. आणखी एक फायदा मांडवात कळतो. मिडी इनपुटला ऑप्टो-आयसोलेटर असतो, म्हणजे हुकूम प्रकाशानं पुढं जातो आणि दोन यंत्रांचा विजेचा थेट संबंध येत नाही, म्हणून या वायरीतून अर्थिंगची घूं येत नाही. जनरेटरवर वाजवणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण अ‍ॅम्पला मिडी कळतं का? मार्शल जेव्हीएम, एंगलची काही मॉडेलं, यांना मागं पाच पिनांची जागा असते. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्बोंना (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) नुसता फुटस्विचचा जॅक. तिथं मधे रिले लागतो, मिडीचा हुकूम ऐकून जॅक जोडणारा-तोडणारा. बेहरिंजरच्या एफसीबी१०१० या मिडी कंट्रोलरमध्ये असे दोन जॅक आतच आहेत, वर दोन एक्स्प्रेशन पेडलं (पाय दाबून आवाज हळूहळू कमी-जास्त करायची), म्हणून जुना का होईना तो मिळाला तर बघावा. फक्त तो थेट २३० व्होल्टवर चालतो. स्टेजच्या तोंडाशी एक्स्टेंशन बोर्ड मागून घ्यावा लागतो, आणि नारळ फोडणारे नेमके तिथंच येतात.

रिले घेण्याआधी चमच्याची परीक्षा करा. अ‍ॅम्पच्या फुटस्विच जॅकमध्ये साधी गिटारची वायर घाला (स्पीकरच्या जॅकमध्ये नाही, लेबल दोनदा वाचा) आणि दुसऱ्या टोकाचं टोक व बूड स्टीलच्या चमच्यानं जोडा. चमचा टेकलेला असेपर्यंतच चॅनल बदललेलं राहिलं तर अ‍ॅम्प लॅचिंग. दर स्पर्शाला एकदा बदललं तर मोमेंटरी. रिलेही त्याच जातीचा हवा. काहीच झालं नाही तर त्या फुटस्विचच्या आत सर्किट असेल; मॅन्युअल बघा, अंदाजानं काही जोडू नका.

यूएसबीवाल्या स्वस्त छोट्या कंट्रोलरचंही बरेच जण विचारतात. त्यातले बरेच कॉम्प्युटर-मोबाइलसाठी असतात. पाच पिनांच्या पेडलशी ते थेट बोलत नाहीत, मधे यूएसबी होस्ट (कॉम्प्युटरची जागा घेणारी डबी) लागतो.

मिडीत मी स्वतः कसा फसलो तेही सांगतो. माझा कंट्रोलर नंबर शून्यापासून मोजत होता, डिले एकपासून. घरी हेडफोनवर एकेक पॅच तपासला तेव्हा लक्षात आलं नाही, कारण मी डिलेच्या बटणावरूनच पॅच बदलत होतो. नवरात्रात आरतीनंतरचं पहिलं शांत गाणं, पाय ठेवला, आणि निघाला शेजारचा पॅच, सोलोचा, लांबलचक डिलेसकट. ढोलकीवाला हसला, मी नाही. तेव्हापासून प्रत्येक बटणावर कापडी टेपनं गाण्याचं नाव लिहितो, नंबर नाही.

त्या पोराची चमच्याची परीक्षा झाली. अ‍ॅम्प लॅचिंग निघाला, आणि मोजल्यावर एका ठोक्याला तीन गोष्टी. चारही पेडलं अ‍ॅनालॉग, तेव्हा मी त्याला पाच लूपचा स्विचर सांगितला. वापरलेला मिळतोय का ते बघायला तो पुण्याला जाणार आहे. अ‍ॅम्पचा जुना फुटस्विच विकून टाकू का, असंही विचारत होता. म्हटलं, तो बॅगेतच राहू दे.