टाकीचं झाकण न फोडता उघडून देणारं उद्यमनगरातलं गॅरेज

मुरगूडहून कोल्हापूरला मी रोज स्वतः गाडी चालवत येते. गेल्या महिन्यात पंपावर टाकीच्या झाकणात किल्ली घातली. किल्ली फिरली, पण झाकण नुसतंच गरगर फिरत राहिलं, सुटेना. पंपावरच्या पोरानं मदत म्हणून पक्कड लावली, तर धरायची कड तेवढी मोडली. काटा खालच्या रेघेला टेकलेला. जवळच्या एका गॅरेजात गेले, तिथं म्हणाले, "ड्रिल मारून लॉक फोडू." पेट्रोलच्या तोंडाशी ड्रिल! तशीच गाडी काढली आणि धाकधूक करत शिवाजी उद्यमनगरात पोचले. तिथल्या एका गल्लीत मामांचं एका शटरचं छोटं गॅरेज आहे.

मामांनी आधी शेजारी बिडी ओढत बसलेल्या माणसाला लांब पाठवलं. ड्रिलचं सांगितल्यावर म्हणाले, "ताई, हितं एक ठिणगी पुरं हाय. त्याचं नावबी काढू नका."

मग कुलपात हवा मारली. अक्षरशः चिमूटभर लाल माती बाहेर आली. उसाच्या ट्रॅक्टरांमागची धूळ, त्यावर पाऊस, असा लेप बसला होता. माझ्या गाडीच्या झाकणाची बाहेरची टोपी एरवी मोकळीच फिरते. किल्ली लावली की आतली खीळ पुढं येऊन तिला आतल्या आट्यांशी जोडते. ती खीळच मातीत रुतली होती. कुलपात थोडा स्प्रे मारून मामा दहा मिनिटं थांबले, घाई अजिबात केली नाही. मग जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी झाकणाभोवती आवळली, तळहातानं झाकण आत दाबून धरलं आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. दुसऱ्या खेपेला 'खट्' झालं, पाठोपाठ 'सुस्स' करून हवा आत गेली. टाकीत हवा ओढली जाऊन झाकण आतूनही घट्ट बसलं होतं. पेट्रोल संपत जातं तशी बाहेरची हवा आत घ्यायला झाकणात बारीक व्हॉल्व्ह असतो, तोही चोंदलेला. मामांनी तो मला उजेडात धरून दाखवला. रबरी वायसरही कडक होऊन तडकला होता.

नवं झाकण 450 रुपये, मजुरी फक्त 150. टाकीच्या गळ्याला ओरखडासुद्धा नाही, आणि मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. गळा खराब झाला असता तर खर्च कुठल्या कुठे गेला असता. कुलपात तेल सोडू नका, धूळ चिकटते, पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, असंही त्यांनी सांगितलं. पेट्रोल भरल्यावर झाकण 'कट-कट' वाजेपर्यंत फिरवायचं आणि वायसरची कड कोरड्या फडक्यानं पुसायची. पंधरा दिवस झाले, मी तसंच करते.

उणीव म्हणाल तर बसायला एकच स्टूल, बिल वहीच्या कागदावर, आणि हातातलं काम संपल्याशिवाय मामा दुसऱ्या गाडीकडं बघत नाहीत. मला पाऊण तास थांबावं लागलं. गल्ली अरुंद आहे, गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावर लावून आधी चालत जाऊन विचारून या.