वाड्यावरची हवा मोजायची: सेन्सर, बरणी की वही?

आपल्या गोव्यात ग्रामसभेत वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, धुळीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, वर्गणी काढू आणि हवा मोजायचे यंत्र आणू. आणा, पण त्याआधी एक ठरवा: त्रास नेमका कशाचा आहे? धुळीचा, धुराचा की वासाचा? या तिन्हींना एक यंत्र पुरत नाही आणि गावाचे पैसे इथेच वाया जातात.

काही हजारांत मिळणारा छोटा सेन्सर हवेतल्या कणांवर लेझर टाकतो आणि उजेड किती विखुरला त्यावरून आकडा काढतो. भट्टीचा, ट्रकचा किंवा जाळलेल्या कचऱ्याचा धूर, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण (पीएम २.५), तो बऱ्यापैकी पकडतो. रात्री दोन वाजता काय सोडले तेही नोंदले जाते. मात्र खनिजाची आणि कोळशाची धूळ बरीचशी जाड असते. ती या यंत्राच्या इवल्याशा पंख्याने नीट आत ओढलीच जात नाही. पडद्यावर पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा दिसतो, तो बहुतेक बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. ओसरीवर बोटाने रेघ ओढता येईल इतकी धूळ आणि यंत्र म्हणते हवा चांगली, असे त्यामुळे होते. मग तुमचाच आकडा तुमच्याविरुद्ध दाखवला जाऊ शकतो.

दुसरी अडचण आपल्या दमट हवेची. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा चढतो. हिवाळ्यात पहाटे मांडवीकाठी धुके उतरते, आणि त्याच वेळी थंड हवेत धूरही खाली कोंडून राहतो. म्हणजे जो आकडा सर्वांत महत्त्वाचा तोच सर्वांत कच्चा. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एक यंत्र घेऊ नका, एकसारखी दोन घ्या. आठवडाभर दोन्ही एकाच खिडकीत ठेवून जुळतात का पाहा. मग एक वाड्यावर ठेवा, दुसरे कारखान्याच्या पलीकडच्या अंगाला. धुके दोन्हीकडे साधारण सारखे, त्यामुळे दोहोंतला फरक जास्त विश्वासाचा. आपल्याकडे दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री बहुधा घाटाकडून, म्हणून वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिल्याशिवाय त्या फरकाला अर्थ नाही.

जाड धुळीसाठी मी पैसे सेन्सरवर घालणार नाही. रुंद तोंडाची बरणी गच्चीवर महिनाभर ठेवा, मग तिच्यात साचलेली धूळ प्रयोगशाळेत सुकवून वजन करून घ्या. खर्च थोडा, आणि समजायला सोपे. काळा थर कोळशाकडे किंवा कोककडे (भट्टीसाठी भाजलेल्या कोळशाकडे) बोट दाखवतो. लाल थरावर मात्र लगेच विसंबू नका, आपली मातीच लाल. लांबच्या एखाद्या वाड्यावर तशीच दुसरी बरणी हवी. शिवाय बरणीत पडते ती जड धूळ. फुप्फुसात काय गेले ते ती सांगत नाही.

वासाचे काम वेगळे. मासळीच्या कुटाचा किंवा रसायनांचा वास धुळीच्या सेन्सरला कळतच नाही. १९९५ साली कॅलिफोर्नियात तेलशुद्धीकरण कारखान्याशेजारच्या लोकांनी बादलीत बसवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून तपासायला पाठवली; पुढे तमिळनाडूत कडलूरच्या गावकऱ्यांनी तीच रीत वापरली. पद्धत चांगली आहे, पण दर नमुन्याला प्रयोगशाळेचा खर्च येतो आणि गंधकयुक्त वायू पिशवीत टिकत नाहीत, नमुना एका दिवसात तपासावा लागतो. म्हणून पहिले सहा महिने पिशवी नको, वही धरा. पाच घरांनी एकमेकांना न विचारता तारीख, वेळ, वारा आणि वास लिहायचा. आमच्या काकीने वहीऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या: वाळत घातलेले कपडे ज्या दिवशी पुन्हा धुवावे लागले, त्या दिवशी फुली. पुढे वार आणि वेळ जुळवायला त्या फुल्याच सर्वांत जास्त उपयोगी पडल्या.

राहिली गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणी. ती टाळून चालत नाही. धुराड्यातला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा तर तो १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याच्या कलम २६ च्या रीतीने घ्यावा लागतो आणि तो अधिकार मंडळाचा आहे, तुमचा-माझा नाही. पण सभोवतालच्या हवेची हाताने होणारी मोजणी आठवड्यातून दोनदा, २४ तासांची असते. दोन तास पीएम १० चारशे आणि उरलेले बावीस तास चाळीस असेल, तर सरासरी निघते ७०. २००९ च्या मानकाची दिवसाची मर्यादा दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे कागदावर सगळे ठीक, आणि त्या दोन तासांत मूल खोकून बेजार.

तुमच्या सेन्सरचे आणि वहीचे खरे काम इथे आहे. मंडळाला नुसते “प्रदूषण आहे” असे लिहू नका. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या वाऱ्यात मोजायला या, ते लिहा. कारखान्याचे संमतीपत्र (मंडळाने दिलेली चालवण्याची परवानगी) आणि जुने मोजणी अहवाल माहिती अधिकारात मागा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. पाऊस धूळ बसवतो, तेव्हा बरण्या नोव्हेंबरपासून ठेवा. वही मात्र आजच उघडली तरी चालेल.