जुन्या कॅसेटी रुंद टीव्हीवर : हँडब्रेकच्या नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ताईचे लग्न १९९३ साली चिपळूणला झाले. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा आणि सोबत हॅलोजनचा दिवा घेऊन शूटिंगवाले आले होते, आणि नंतर तीन-तीन तासांच्या दोन कॅसेटी घरी आल्या : एक हळद आणि सीमांतपूजनाची, दुसरी लग्नाची. हळदीच्या कॅसेटला कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरली आणि ती टाकून द्यावी लागली. तिच्यावरून २००४च्या सुमारास करून घेतलेल्या तीन व्हीसीडी तेवढ्या उरल्या आहेत. लग्नाची कॅसेट सुदैवाने अजून चालते आणि तिची संगणकावरची फाइल मी गेल्या वर्षी एका स्टुडिओतून करून घेतली. आमच्या आजीचे हालते-बोलते चित्र या दोन ठिकाणांखेरीज कुठेही नाही, म्हणून हे काम मी मनावर घेतले.

घरात ५५ इंची टीव्ही आल्यावर पेनड्राइव्हवरून ही फाइल पहिल्यांदा लावली, तेव्हा औक्षणाचे ताट आडवे, अंड्यासारखे दिसत होते आणि ताईचा चेहरा ओळखू येण्यापलीकडे रुंदावला होता. जुने चित्र ४:३ या प्रमाणातले आणि आजचा पडदा १६:९चा. टीव्हीने रिकामी जागा भरण्यासाठी चित्र आडवे ताणले की प्रत्येक वस्तू मूळच्या सव्वापटीहून अधिक, नेमके सांगायचे तर एक तृतीयांशाने रुंद होते. रिमोटवरचा ‘झूम’ वापरला तर आकार बिघडत नाही, पण वरून आणि खालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा पडद्याबाहेर जातो. मंगलाष्टकांच्या वेळी त्यात नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्या वरून कापल्या गेल्या आणि खाली अंतरपाटाची कड दिसेनाशी झाली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवणे हाच योग्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत तेव्हापासून आहे. बाबांना सुरुवातीला ते पट्टे ‘वाया गेलेली जागा’ वाटत. ताट गोल दिसू लागल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

या कामासाठी मी हँडब्रेक वापरते. व्हिडिओ फाइलचे रूप बदलून देणारे हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. नऊ महिन्यांत त्यातल्या बऱ्याच सेटिंग मी बदलून पाहिल्या आणि त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली : चित्र मोठे करणे हा या कामातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. हालचाल, आकार आणि रंग ठीक झाले की मोठेपणाचे बरेचसे काम टीव्ही स्वतःच करतो.

हालचालीचा मुद्दा आधी घेते, कारण माझे सर्वाधिक दिवस त्यात गेले. भारतात १९८२पासून रंगीत प्रक्षेपण पाल पद्धतीने सुरू झाले आणि आपल्याकडच्या कॅसेटीही त्याच पद्धतीच्या आहेत. त्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनलेली असते : एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, आणि या दोन्ही फील्ड एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतक्या अंतराने टिपलेल्या असतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर त्या एकामागून एक उमटत, म्हणून खटकत नसत. आजच्या पडद्यावर दोन्ही एकदम दिसल्या की हलणाऱ्या वस्तूच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात. अक्षता पडताना तर सबंध मांडव त्या रेषांनी भरून जात असे. हे दात काढण्यापूर्वीच चित्र मोठे केले, तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग त्या कोणत्याही उपायाने सुट्या होत नाहीत. माझी पहिली फाइल मी अशीच बिघडवली आणि सबंध रात्रीचे काम फुकट गेले. हँडब्रेक स्वतः हा क्रम पाळतो; चूक माझी होती, कारण डीइंटरलेस, म्हणजे हे दात काढणारी सोय, बंद ठेवून मी केवळ आकार वाढवला होता.

आता मी डीइंटरलेसच्या फिल्टरमध्ये ‘बीडब्ल्यूडिफ’ ही पद्धत निवडून त्याला ‘बॉब’वर ठेवते आणि फ्रेमरेट ५० देते. म्हणजे प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम होते आणि मूळच्या कॅमेऱ्याने टिपलेली एकही हालचाल टाकून दिली जात नाही. २५ फ्रेमची फाइल आणि ५० फ्रेमची फाइल शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास फरक लगेच कळतो : पहिलीत अक्षता तुटक तुटक पडतात, दुसरीत त्या कॅसेट लावल्यावर पूर्वी दिसत तशा सलग पडतात. एका तुकड्यात मात्र माणसे पुढे-मागे थरथरत चालत होती; स्टुडिओतून आलेल्या फाइलमध्ये फील्डचा क्रम उलटा नोंदवला गेला होता, हे शोधायला मला दोन आठवडे लागले. कस्टमच्या रकान्यात पॅरिटी, म्हणजे कोणती फील्ड आधी ते, स्वतः सांगितल्यावर ते थांबले.

आकाराचे गणित त्या मानाने सोपे आहे, पण त्यात एक मेख आहे. पालची फाइल ७२० बाय ५७६ पिक्सेलची असते आणि हे प्रमाण ४:३ भरत नाही, ५:४ भरते. कारण तिचे पिक्सेल चौरस नसून किंचित रुंद असतात. फाइलमध्ये तशी नोंद असते, परंतु पेनड्राइव्हवरून चालवताना प्रत्येक टीव्ही ती नोंद पाळेलच असे नाही, आणि ती पाळली नाही तर माणसे थोडी उभट दिसतात. म्हणून मी अ‍ॅनामॉर्फिक ही पिक्सेलचा आकार त्या नोंदीवर सोडणारी सेटिंग बंद करून, आकार वाढवण्याची परवानगी देणाऱ्या चौकटीवर खूण करून, थेट १४४० बाय १०८० हा चौरस पिक्सेलचा आकार घेते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या फाइलमध्येच घालून ती १९२० बाय १०८० करते. टीव्हीला ताणायला काही उरतच नाही. त्याआधी कापणीही करावी लागते, कारण व्हीएचएसच्या चित्रात अगदी खालच्या काही ओळी वेड्यावाकड्या सरकलेल्या असतात. पूर्वी त्या टीव्हीच्या चौकटीआड लपत. आता उघड्यावर येतात. मी खालून १२ ओळी आणि डावी-उजवीकडून ८-८ पिक्सेल कापते. या आकड्यांनी ४:३चे प्रमाण जवळपास तसेच राहते, त्यामुळे पुढचे गणित बदलावे लागत नाही. खात्रीसाठी मी पडदा थांबवून त्या औक्षणाच्या ताटाची उंची आणि रुंदी पट्टीने मोजते. ताट कॅमेऱ्याच्या अगदी समोर, सरळ धरलेले असा एक क्षण आहे, तेवढा पुरतो.

रंगाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. जुन्या फाइलींचे रंग ‘६०१’ या मापाने आणि हाय डेफिनिशनचे ‘७०९’ या मापाने मांडलेले असतात. चित्र १०८० ओळींचे झाले की पुष्कळ टीव्ही ते ७०९चे आहे असे धरून चालतात, आणि रंग मुळात बदलून दिले नसतील तर लाल आणि हिरवा किंचित सरकतात. ताईचा हिरवा चुडा पिवळसर का दिसतो, हा प्रश्न मला आईने विचारला, तोवर मला तो दिसलाही नव्हता. कलरस्पेसच्या फिल्टरमधून ७०९ निवडल्यावर चुडा पुन्हा हिरवा झाला.

आता आजीबद्दल. लग्नाच्या कॅसेटमध्ये ताई पाया पडते तेव्हा कॅमेरा आजीच्या चेहऱ्याजवळ जातो आणि चार-पाच सेकंद तिच्या हनुवटीवरचे गोंदण स्पष्ट दिसते. व्हीएचएसच्या चित्रात मुंग्यांसारखी वळवळ असतेच, आणि ती घालवण्यासाठी मी ‘एनएलमीन्स’ हा फिल्टर मध्यम पायरीवर लावला होता. मुंग्या गेल्या, चित्र गुळगुळीत झाले आणि गोंदणही गेले. फिल्टरच्या लेखी ते तीन ठिपके आणि कॅसेटवरचा कचरा यांत फरक नव्हता. त्यानंतर मी सर्वांत सौम्य पायरीपलीकडे गेले नाही, आणि कॅसेटच्या मुंग्या आता मला खटकतही नाहीत. याच पाच सेकंदांवर मी कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र सुधारणारे एक विकतचे सॉफ्टवेअरही महिनाभर वापरून पाहिले. पहिल्या नजरेत त्याचे फळ थक्क करणारे होते : नऊवारीचे काठ रेखीव, केसांच्या बटा सुट्या. मग नीट पाहिले, तर नथीचे मोती वितळून एक पांढरा खडा झाला होता, हनुवटी कोरी होती आणि डोळे दुसऱ्याच कोणाचे तरी होते. निसर्गचित्रासाठी किंवा इमारतींसाठी ते उपयोगी असेल. ज्या माणसाचा चेहरा पाहण्यासाठीच ही फाइल उघडायची, त्या चेहऱ्यावर ते चालवू नये, असे मी सगळ्या नातेवाइकांना आवर्जून सांगते.

व्हीसीडीचा प्रकार निराळा आहे. तिचे चित्र फक्त ३५२ बाय २८८ पिक्सेलचे, म्हणजे एकूण १,०१,३७६ पिक्सेल. ते १४४० बाय १०८० केले की १५,५५,२०० होतात. मूळच्या एका पिक्सेलमागे चौदाहून अधिक पिक्सेल अंदाजाने भरलेले असतात. व्हीसीडी करतानाच एक फील्ड टाकून दिलेली असल्याने तिथे डीइंटरलेस लागत नाही आणि ५० फ्रेमही मिळत नाहीत. त्रास असतो तो चौकोनांचा : फाइल लहान करण्याच्या एमपीईजी-१ या जुन्या पद्धतीमुळे चित्र ८ बाय ८च्या ठोकळ्यांत फुटलेले असते, आणि टीव्ही आपणहून चित्राला धार देऊ लागला की हे ठोकळे फरशीसारखे उठून दिसतात. इथे मात्र आधी डीब्लॉक, म्हणजे ठोकळे पुसणारा फिल्टर, मग मोठे करणे, हा क्रम खरोखर उपयोगी पडला. टीव्हीच्या मेनूतला शार्पनेस शून्याजवळ आणणे त्याहूनही उपयोगी पडले. कॅसेटच्या फाइलबाबत ५७६ ओळींची आणि १०८० ओळींची अशा दोन्ही प्रती मी दहा फुटांवरून घरच्यांना दाखवल्या, तर कोणालाही फरक सांगता आला नाही. व्हीसीडीबाबत सगळ्यांना सांगता आला.

थोडे जागेबद्दल. ‘आरएफ’ हा चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा २०वर ठेवून लग्नाच्या तीन तासांची फाइल माझ्याकडे सुमारे ११ जीबीची झाली. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, म्हणून मी सेकंदांची मर्यादा देऊन मंगलाष्टका, सप्तपदी, पंगती आणि पाठवणी असे वेगळे तुकडे केले. आईला हवा तो भाग लावायलाही ते सोयीचे पडते. मामांच्या जुन्या टीव्हीवर ५० फ्रेमची फाइल अडखळत होती, त्यांच्यासाठी २५ फ्रेमची प्रत वेगळी काढली. माझ्या साध्या लॅपटॉपवर सबंध कॅसेटला एक पूर्ण रात्र लागते. स्टुडिओतून आलेली मूळ फाइल मी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर जशीच्या तशी ठेवली आहे, कारण आत्तापर्यंत चार वेळा सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले आणि प्रत्येक वेळी तीच कामी आली.

तिसऱ्या व्हीसीडीवरची शेवटची अकरा मिनिटे, ज्यांत आजी जात्यावर हळद दळायला बसते आणि ओवी म्हणते, अजून वाचली गेलेली नाहीत. व्हीसीडीत चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून चूक दुरुस्त करणारी माहिती कमी ठेवलेली असते, त्यामुळे एका ओरखड्यावर ड्राइव्ह थांबतो. दोन ड्राइव्ह झाले. तिसरा, एक जुना सीडी रायटर, ताईच्या शेजाऱ्यांकडे आहे आणि तो पुढच्या आठवड्यात येणार आहे.