पन्नाशीनंतर जिम लावायची तर जळगावातली ही बघा

मेहरूण तलावाकडची ही जिम चाळिशी-पन्नाशीवाल्यांनी बिनधास्त लावा. ट्रेनर आधी बीपी, गुडघे विचारतो मगच वजन देतो, स्क्वॉट मारताना टाच जरा उचलली की लगेच थांबवतो. स्नायू, हाडं तिशीच्या आसपास सगळ्यात दमदार असतात, नंतर उतार, हे खरंय, पण वजन उचललं तर साठीनंतरही ताकद वाढते, माझ्या वडिलांचंच बघतोय ना, आता जिना कठडा न धरता चढतात, खूप भारी वाटतं! आणि केनियाचा धावपटू किपचोगे, त्यानं २०२२ ला बर्लिनमध्ये २:०१:०९ चा मॅरेथॉन विक्रम केला तेव्हा तो ३७ चा होता, प्रत्येक खेळाचं भराचं वय वेगळं. फक्त एप्रिल-मे मध्ये सकाळचीच बॅच घ्या, दुपारनंतर पत्रा तापतो, कूलर पुरत नाही.