कॉन्फिगरमधला 'एसी प्रोग इन्स्टॉल': आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू फोनचा किंवा मिक्सरचा नाहीये, ऑटोकॉन्फच्या एका मॅक्रोचा आहे. ऑटोकॉन्फ म्हणजे 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट बनवून देणारं टूल; ती स्क्रिप्ट बिल्डच्या आधी मशीनवर काय काय आहे ते तपासते, आणि मॅक्रो म्हणजे त्यातल्या एका तपासणीचा तयार तुकडा. कॉन्फिगर चालवलं की सुरुवातीलाच एक ओळ येते बघा, 'चेकिंग फॉर अ बीएसडी-कंपॅटिबल इन्स्टॉल', आणि पुढे बहुतेक वेळा यूएसआर-बिन मधला इन्स्टॉल (तयार फायली त्यांच्या जागी कॉपी करणारी कमांड) आणि त्याला चिकटलेला मायनस सी. इतकी वर्षं ही ओळ डोळ्यासमोरून सरकतेय, पण हा बाबा नक्की शोधतोय काय हे बघायची वेळ कधी आली नव्हती. ती आली.

माझं सी मधलं एक छोटं टूल आहे, लॉग फायली चाळायचं. मेकफाईल ('मेक' वाचतो ती बिल्डच्या सूचनांची फाईल) हातानेच लिहिलेली, त्यात इन्स्टॉल, कॅपिटल डी, मोड 755, विषय संपला. कॅपिटल डी म्हणजे मधली फोल्डरं नसतील तर तूच बनव. माझ्या डेबियनवर सुरळीत चालू होतं सगळं. मग ऑफिसातल्या एकीने ते मॅकवर टाकायला घेतलं आणि पहिल्याच फटक्यात आडवं, कारण कॅपिटल डीचा हा अर्थ ग्नू वाल्यांचा, म्हणजे लिनक्सवरच्या टूल्सचा, मॅकचा इन्स्टॉल बीएसडी या युनिक्स घराण्यातला, त्यात तो नाही, आणि फ्रीबीएसडीत तर तेच अक्षर भलत्याच कामाला आहे. तिचं निस्तरतोय तोवर दुसऱ्या एका मित्राने सोलारिसवर (हेही एक युनिक्स) प्रयत्न केला, त्याच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) यूएसआर-एसबिन आधी, आणि तिथला इन्स्टॉल जुन्या सिस्टिम फाइव्ह (युनिक्सची दुसरी शाखा) वळणाचा, म्हणजे त्याला मायनस सी दिलं की तो पुढच्या शब्दाला डिरेक्टरी समजतो. बीएसडीत मायनस सी म्हणजे नुसतं 'कॉपी कर'. नाव तेच, अक्षर तेच, अर्थ उलटापालटा. तिथे मी हात टेकले आणि ऑटोकॉन्फ-ऑटोमेक लावलं (ऑटोमेक मेकफाईलचा साचा बनवतो).

आता मॅक्रोबद्दल. तो काय स्वीकारतो यापेक्षा तो काय नाकारतो हे वाचण्यासारखं आहे, एकदा कॉन्फिगर फाईल उघडून त्या ठिकाणच्या कॉमेंट वाचाच. एआयएक्सचा इन्स्टॉल नको, आयरिक्सचा नको, सनओएसचा नको (तिन्ही युनिक्सचेच प्रकार), एएफएस या नेटवर्क फाईल सिस्टिमचा नको कारण नसलेली फाईल दिली तर तो गडबडतो, एसव्हीआर4 (सिस्टिम फाइव्हची चौथी आवृत्ती) च्या यूसीबी फोल्डरमधला नको कारण तो 'स्टाफ' नावाचा ग्रुप शोधत बसतो जो तिथे नसतोच. आणि माझा लाडका, अमिगाचा इन्स्टॉल, जो फ्लॉपीवर बूटब्लॉक लिहितो! म्हणजे कोणीतरी खरंच कधीतरी मेक इन्स्टॉल मारलं असणार आणि फ्लॉपी हातची गेली असणार, असं आपलं माझं चित्र. ऑटोकॉन्फ 1991 पासून आहे, तेव्हापासूनची लोकांची डोकेदुखी त्या दहा-बारा ओळींत साठलीये.

यादीतून सुटलेल्या उमेदवाराची पुढे परीक्षा पण होते. दोन बारक्या फायली बनवायच्या, एक डिरेक्टरी बनवायची, दोन्ही एकाच कमांडमध्ये तिच्यात टाकायला सांगायच्या आणि मग बघायचं की तिथे पोचल्या का आणि मूळ फायली जागेवर आहेत का. मूळ फायली का बघायच्या, तर जुन्या बीएसडीत मायनस सी दिलं नाही तर फाईल कॉपी न होता तिकडे हलवलीच जायची. आज ग्नूचा इन्स्टॉल मायनस सी बघून न बघितल्यासारखं करतो, फ्रीबीएसडीतही कॉपी हाच डिफॉल्ट आहे, पण मॅक्रो अजून इमानेइतबारे ते चिकटवतो. असू दे, कोणाला टोचत नाही.

काहीच सापडलं नाही तर इन्स्टॉल-एसएच नावाची शेल स्क्रिप्ट, जी तुमच्या सोर्सबरोबरच यायला हवी. ही मूळची एक्स11 आर5 (युनिक्सवरची खिडक्यांची सिस्टिम) मधली. हळू आहे म्हणून शेवटचा पर्याय. आधी हिचं नाव इन्स्टॉल डॉट एसएच असायचं, पण मेकफाईल नसेल तर काही मेक आपल्या मनाने त्यातून 'इन्स्टॉल' नावाची फाईल बनवायचे, म्हणून टिंब काढून आडवी रेघ आली.

इथे मी स्वतः माती खाल्ली. ऑटोमेकला 'जे नाही ते घाल' असं सांगितलं, त्याने घातलं, मी गिटमध्ये टाकलं, आणि दुसऱ्या मशीनवर कॉन्फिगर म्हणतं इन्स्टॉल-एसएच सापडत नाही. अरे आत्ता तर टाकली! बघितलं तर ती फाईल नव्हतीच, माझ्या मशीनवरच्या ऑटोमेकच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी सिमलिंक होती. 'कॉपी' हा ऑप्शन वेगळा द्यावा लागतो, नाहीतर ऑटोरीकॉन्फला (ही सगळी टूल्स ओळीने चालवणारी कमांड) मायनस आय देऊन चालवा, तो मुकाट्याने खरी फाईल ठेवतो. एक संध्याकाळ गेली यात.

दुसरा किस्सा मॅकवरचाच. पाथमधल्या प्रत्येक डिरेक्टरीत मॅक्रो आधी 'जीइन्स्टॉल' शोधतो, मग 'स्कोइन्स्ट', मग साधा इन्स्टॉल. ऑफिसातल्या त्या मॅकवालीकडे होमब्रूचं कोअरयूटिल्स (ग्नूच्या कमांडींचा संच, त्यात इन्स्टॉलचं नाव जीइन्स्टॉल) होतं, पाथमध्ये पहिलं, त्यामुळे निवडला गेला जीइन्स्टॉल आणि त्याचा पूर्ण पत्ता मेकफाईलमध्ये कोरला गेला. महिन्याभराने तिने साफसफाईत कोअरयूटिल्स उडवलं आणि मेक इन्स्टॉल बसलं रुसून. कॉन्फिगर परत चालवलं की झालं, पण हे आधी सुचायला तर पाहिजे.

आणि सगळ्यात जास्त छळलं ते हे. मला इन्स्टॉल करताना फायलींची मूळ वेळ टिकवायची होती, म्हणून कॉन्फिगरलाच सांगितलं की इन्स्टॉल म्हणजे 'इन्स्टॉल मायनस पी'. वरच्या फोल्डरमध्ये झकास. मॅन पेजच्या सबफोल्डरमध्ये गेला आणि 'टिंब टिंब स्लॅश इन्स्टॉल' सापडत नाही म्हणून मेला. कारण असं की नाव स्लॅशने सुरू होत नसेल तर कॉन्फिग-स्टेटस (कॉन्फिगरने बनवलेली, मेकफाईली लिहिणारी स्क्रिप्ट) समजतं की ही तुमच्या बिल्ड फोल्डरमधली स्क्रिप्ट आहे आणि प्रत्येक सबफोल्डरच्या हिशोबाने तिला मागे जायचा रस्ता जोडून देतं. आणि मॅकवर तर अजून मजा, तिथली डिस्क सहसा कॅपिटल-स्मॉल मानत नाही, त्यामुळे टिंब टिंब स्लॅश इन्स्टॉल म्हणजे सोर्समधली कॅपिटल अक्षरांतली 'इन्स्टॉल' ही सूचनांची टेक्स्ट फाईल, आणि एरर काय तर परमिशन डिनाइड! तासभर सुडो करत बसलो होतो मी. पूर्ण पत्ता द्या, नाहीतर कॉन्फिगरला काही न सांगता थेट मेक इन्स्टॉलच्या वेळी तो व्हेरिएबल द्या, ते बिनबोभाट चालतं.

मेसन, सीमेक या दुसऱ्या बिल्ड टूल्सवाले म्हणतील आमच्याकडे हा प्रश्नच नाही, आणि खरंय, ते बाहेरचा इन्स्टॉल शोधत न बसता स्वतःच फायली कॉपी करतात. पण मग बिल्ड करणाऱ्याच्या मशीनवर ते टूल आधी हवं, आणि माझ्या सोलारिसवाल्या मित्राकडे जेमतेम शेल, मेक आणि कंपायलर आहे. त्याच्याकडे आता 'इन्स्टॉल-एसएच मायनस सी' अशी ओळ येते आणि दोन स्क्रिप्ट, एक बायनरी, एक मॅन पेज जागच्या जागी पडतात. हळू म्हणतात तिला, पण चार फायलींना कितीसा वेळ लागणार.

मेकफाईलमधला कॅपिटल डी मात्र मी अजून एका जागी विसरलो होतो, कॉन्फिग फाईलच्या ओळीत, तो काल रात्री मॅकवालीनेच पकडून दिला.